पॅरिसचा ठराव, पुण्याची पोथी: महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रवास

१/ पॅरिस, सप्टेंबर १८९७. आंतरराष्ट्रीय प्राच्यविद्या परिषदेचे अकरावे अधिवेशन. मोरिझ विंटरनिट्झ हा तेहतीस वर्षांचा ऑस्ट्रियन संस्कृतज्ञ जमलेल्या विद्वानांपुढे एक अडचणीचा मुद्दा मांडतो. महाभारतावर आपण एवढे लिहितो, वाद घालतो; पण ज्या संहितेच्या आधारे हे सारे चालते, ती विश्वासार्ह आहे का?

२/ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळायला एकोणसत्तर वर्षे लागली. ते मिळाले २२ सप्टेंबर १९६६ रोजी, आणि तेही पॅरिस, बर्लिन किंवा व्हिएन्नाला नव्हे. पुण्यात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात. हे काम युरोपातील सभागृहांतून पुण्याला कसे आले, याचा हा धागा.

३/ विषय सुचण्याचे कारण अगदी साधे. आमच्या अभ्यासगटात चार देशांतले विद्यार्थी आहेत. एका ऑनलाइन बैठकीची वेळ ठरवण्यात तीन आठवडे गेले. मनात आले की ज्या काळी पत्र पोहोचायलाच तीन आठवडे लागत, त्या काळी हे लोक एकत्र काम कसे करीत असतील? शोध घेता घेता विंटरनिट्झपाशी येऊन थांबलो.

४/ आधी अडचण समजून घेऊ. महाभारताच्या छापील प्रती तेव्हा उपलब्ध होत्या. कलकत्त्याची प्रत १८३४ ते १८३९ या काळात छापली गेली. मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून नीलकंठी टीकेसह पोथी निघाली. हे नीलकंठ चतुर्धर म्हणजे मूळचे कोपरगावचे, सतराव्या शतकात काशीत स्थायिक झालेले पंडित.

५/ या प्रती मोलाच्या होत्याच. पण त्या मुख्यतः उत्तरेकडील उत्तरकालीन पोथ्यांवर आधारलेल्या होत्या. काश्मिरातील शारदा लिपीतल्या, केरळातील मल्याळम लिपीतल्या, तमिळ प्रदेशातील ग्रंथ लिपीतल्या पोथ्या काय सांगतात, हे कोणी शिस्तीने ताडून पाहिलेले नव्हते.

६/ विंटरनिट्झने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीतील दक्षिण भारतीय पोथ्यांवर काम केले होते. त्यात त्याला एक गोष्ट खटकली. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही आपल्या सर्वांना बालपणापासून ठाऊक असलेली कथा त्या पोथ्यांत नव्हती! १८९८ मध्ये त्याने यावर स्वतंत्र टिपणच प्रसिद्ध केले.

७/ म्हणजे प्रश्न चार-दोन शब्दांच्या पाठभेदाचा नव्हता. कोणती कथा केव्हा आणि कोठे ग्रंथात आली, हे समजण्यासाठी देशभरातील पोथ्या शेजारी ठेवून एकेक श्लोक ताडणे आवश्यक होते. एका माणसाच्या आयुष्यात मावणारे हे काम नव्हे. म्हणूनच ते परिषदेपुढे आले.

८/ आता ही परिषद म्हणजे काय? पहिले अधिवेशन १८७३ मध्ये पॅरिसला भरले. नंतर लंडन, सेंट पीटर्सबर्ग, फ्लॉरेन्स, बर्लिन, लायडन, व्हिएन्ना असा तिचा मुक्काम हलत राहिला. दर दोन-तीन वर्षांनी यजमान शहर बदले. समिती, निधी, निमंत्रणे, शेवटी निबंधांचे खंड छापणे, हा सारा भार त्या त्या यजमानावर असे.

९/ या रचनेत मोकळेपणा होता, तसाच एक मोठा दोषही होता. दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात जबाबदारी कोणाची? १८८९ च्या स्टॉकहोम-ख्रिस्तियानिया अधिवेशनानंतर पुढची सभा भरवण्याचा अधिकार कोणाचा यावर एवढे भांडण झाले, की लंडनमध्ये १८९१ आणि १८९२ अशी लागोपाठ दोन अधिवेशने भरली आणि दोन्हींनी स्वतःला ‘नववे’ म्हणवले!

१०/ तरीही या सभा निष्फळ होत्या असे म्हणता येणार नाही. १८८६ च्या व्हिएन्ना अधिवेशनात भारतातील भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, असा आग्रह सरकारकडे धरण्यात आला. त्यातूनच पुढे ग्रियर्सनची भाषिक पाहणी उभी राहिली. तिचा सातवा खंड मराठीचा. कोकणीला मराठीची बोली म्हणून त्यात जी जागा दिली, तिचे पडसाद गोव्यात पुढे कितीतरी काळ उमटत राहिले.

११/ संस्कृत शब्द रोमन लिपीत लिहिताना आम्ही विद्यार्थी अक्षरांवर आडव्या रेघा आणि खाली टिंबे देतो. त्या पद्धतीचा पाया १८९४ च्या जिनिव्हा अधिवेशनात घातला गेला. सभेत जे एकदा ठरले, ते सव्वाशे वर्षांनंतरही आमच्या प्रबंधांत टिकून आहे.

१२/ मात्र लिप्यंतराचे नियम ठरवणे आणि महाभारताची आवृत्ती काढणे यांत फरक आहे. पहिल्याला सहमती पुरते. दुसऱ्याला पैसा, माणसे, पोथ्या आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. विंटरनिट्झने पुढेही, रोमच्या १८९९ च्या अधिवेशनात, हा विषय लावून धरला. पण दर खेपेस नवे शहर, नवी समिती. काम पुढे सरकेना.

१३/ अखेर विषय दुसऱ्या एका जाळ्याकडे गेला. युरोपातील विज्ञान-विद्या अकादम्यांनी १८९९ मध्ये एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला होता. त्याच्या लंडनच्या १९०४ च्या सभेत महाभारताचे काम हाती घेण्याचे ठरले. बर्लिन, ग्यॉटिंगेन आणि व्हिएन्ना या तीन अकादम्यांकडे भार आला.

१४/ १९०८ मध्ये हाइनरिश ल्यूडर्स या जर्मन पंडिताने आदिपर्वाच्या आरंभीच्या काही श्लोकांचा नमुना छापला. वर निश्चित केलेला पाठ, खाली निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद. त्याच वर्षीच्या कोपनहेगन अधिवेशनात तो विद्वानांच्या हाती आला. पॅरिसपासून अकरा वर्षांत हाती आलेले फळ एवढेच: मोजकी पाने.

१५/ या पानांना कमी लेखू नये. ती पद्धतीचा कित्ता होती. पण पोथ्यांचे मोठे भांडार होते भारतात: तंजावरला, काश्मिरात, बंगालमधल्या आणि केरळातल्या घराघरांत. युरोपातल्या ग्रंथालयांत पोहोचला होता तो त्याचा केवळ अंश.

१६/ मग आले १९१४. महायुद्धाने अकादम्यांचा संघ मोडला. काल एका मेजावर बसणारे विद्वान आज शत्रुराष्ट्रांचे नागरिक झाले. प्राच्यविद्या परिषदेचे पुढचे अधिवेशन १९१५ मध्ये ऑक्सफर्डला व्हायचे होते. ते भरले १९२८ मध्ये. अथेन्सच्या १९१२ च्या सभेनंतर तब्बल सोळा वर्षे परिषद भरलीच नाही. महाभारताचे काम जिथल्या तिथे थांबले.

१७/ आता पुण्याकडे वळू. १८८६ च्या त्या व्हिएन्ना अधिवेशनात मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून रामकृष्ण गोपाळ भांडारकर उपस्थित होते. तेथील प्राध्यापक ब्यूलर पूर्वी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवीत. पुढे विंटरनिट्झही याच ब्यूलरचा शिष्य म्हणून ओळखला गेला. जाळे असे माणसांमाणसांतून विणले जात होते.

१८/ ६ जुलै १९१७. भांडारकरांचा ऐंशीवा वाढदिवस. शिष्यांनी आणि चाहत्यांनी त्यांच्या नावाने पुण्यात संशोधन संस्था स्थापन केली. लगोलग औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या आवृत्तीसाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला.

१९/ त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्यातच अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष भांडारकर. ज्या विद्येचा विषयच आपण होतो, तिच्या सभा इतकी वर्षे इतरत्र भरत होत्या. आता आपल्याही घरी बैठक मांडली गेली.

२०/ येथे धागा संपवला, तर गोष्ट फार सोपी होईल: ‘युरोपला जमले नाही, पुण्याने करून दाखवले.’ पण वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. सुरुवातीची वर्षे पुण्यालाही जड गेली. नारायण बापूजी उटगीकरांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती काढून विद्वानांची मते मागवली. पद्धतीची घडी अजून बसायची होती.

२१/ ती बसवली विष्णु सीताराम सुकथनकरांनी. केंब्रिजला गणित शिकलेला हा मुंबईकर पुढे बर्लिनला संस्कृताकडे वळला. तिथे त्यांचे गुरू कोण? तेच हाइनरिश ल्यूडर्स! कोपनहेगनचा नमुना ज्यांनी सिद्ध केला, त्यांच्या हाताखाली तयार झालेला विद्यार्थी १९२५ मध्ये पुण्याच्या कामाचा प्रमुख संपादक झाला.

२२/ युद्धाने संघ मोडला, निधी आटला, सभा थांबल्या. पण एका गुरूने एका शिष्याला पोथी कशी वाचावी हे शिकवले होते. ते मात्र युद्धाला हिरावून घेता आले नाही. तीन अकादम्यांच्या ठरावाचा खरा वारसा कागदावर उरला नव्हता. तो एका माणसाच्या हातात उतरला होता.

२३/ काम कसे चाले, तेही पाहण्याजोगे आहे. मोठ्या तक्त्यावर वर एक श्लोक चौकटीत अक्षरागणिक मांडलेला. खाली प्रत्येक पोथीसाठी स्वतंत्र ओळ. पोथीत जिथे वेगळे अक्षर, तिथे नेमके त्याच चौकटीत ते टिपायचे. असा एकेक श्लोक, असे हजारो तक्ते. लिपी वाचणारे पंडित वेगळे, तपासणारे वेगळे.

२४/ सगळ्या पोथ्या पुण्याला आणणे शक्य नव्हते. म्हणून रवींद्रनाथांच्या विश्वभारतीत बंगाली पोथ्यांसाठी आणि तंजावरला दक्षिणेकडील पोथ्यांसाठी केंद्रे उभारली गेली. नियम पुण्याचे, तक्ते एकसारखे, काम जिथल्या तिथे. आंतरराष्ट्रीय परिषदेजवळ जे नव्हते ते इथे होते: कायमचे कार्यालय आणि रोजचे काम.

२५/ आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डला परिषद पुन्हा भरली, आणि महाभारताची आवृत्ती पुण्यातच व्हावी याला तिथे पाठिंबा मिळाला. एकतीस वर्षांपूर्वी पॅरिसला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोण देणार, हे आता स्पष्ट झाले होते.

२६/ संपादक मंडळ पुण्यापुरते राहिले नाही. विराटपर्व रघुवीरांनी, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी, सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिले. सभापर्व बाहेर आले तेव्हा दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. पहिल्या युद्धाने जे काम थांबवले, ते दुसऱ्या युद्धात चालू राहिले.

२७/ १९४३ च्या जानेवारीत सुकथनकर गेले. मे महिन्यात जर्मनीत ल्यूडर्स गेले. गुरुशिष्य एकाच वर्षी, युद्धाच्या दोन बाजूंना. पुण्यात श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी, त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्यांनी धुरा उचलली. १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. १२५९ हस्तलिखिते अभ्यासली गेली होती. खंड १९.

२८/ आणि गणपतीची कथा? ती मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. कारण पोथ्यांची साक्ष तशी होती. हा निर्णय घेतला गणपतीच्याच पुण्यात बसलेल्या, श्रद्धाळू समाजात वावरणाऱ्या संपादकांनी. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत धैर्याचे वाटते ते हे. कथा खोटी ठरवली नाही, तिला घालवली नाही. तिची जागा मात्र प्रामाणिकपणे दाखवली.

२९/ या आवृत्तीवरही मतभेद आहेत. इतक्या प्रवाहांच्या ग्रंथाला एकच मूळ पाठ कधी होता का, असा प्रश्न विचारणारे अभ्यासक आहेत. सुकथनकरांचा दावाही माफक होता: व्यासांचे मूळ शब्द नव्हे, तर उपलब्ध पोथ्यांच्या आधारे पोहोचता येईल असा प्राचीनतम पाठ. आणि पानाखाली पाठभेद दिलेले असल्याने विरोधकालाही पुरावा तिथेच सापडतो.

३०/ पॅरिसच्या सभेने हे काम केले नाही. पण ती सभा झाली नसती तर कामाची गरज एवढ्या लवकर कोणाच्या गळी उतरली नसती. सभा प्रश्न एका मेजावर आणते. उत्तर मात्र सभा संपल्यावर, खुर्च्या उचलल्यानंतर, कोणीतरी रोज त्याच जागी बसून शोधावे लागते.

३१/ आमच्या अभ्यासगटाची बैठक अखेर ठरली. भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहा. विषयपत्रिकेत मी शेवटी एक ओळ घालायला सांगितली आहे: पुढच्या बैठकीपर्यंत कोणते काम, कोणी, कोठे बसून करायचे. बाकी सारे त्यानंतर.