सुधाकराचा दोष कोणता?

कै. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं निवर्तले, आणि पुढें महिन्याभरांतच गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. आपलें हें नाटक रंगभूमीवर पाहणें नाटककाराच्या नशिबीं नव्हतें. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षकांच्या पिढ्या रडल्या. गणपतराव बोडसांचा सुधाकरही गाजला. परंतु त्याच्याविषयीं जो तो एवढेंच म्हणत घरीं गेला कीं, दारू वाईट! हें खरें आहे. पण तेवढेंच सांगावयाचें असतें तर एक व्याख्यान पुरलें असतें, पांच अंकांचें नाटक लागलें नसतें.

आपल्या संस्कृत नाटकांत संकटें पुष्कळ. पण शेवट बहुधा गोड. स्वतःच्याच स्वभावामुळें नाश पावणारा नायक मराठी वाचकास भेटला तो मुख्यतः शेक्सपियरच्या द्वारें. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘विकारविलसित’ या नांवानें हॅम्लेट मराठींत आणला. देवलांनीं १८९० सालीं ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला. मात्र हे नायक राजपुत्र नि सेनापति. गडकऱ्यांनीं तोच नाश एका वकिलाच्या बिऱ्हाडांत आणून ठेविला. म्हणूनच तो आम्हांस अधिक बोंचतो.

आतां सुधाकराकडे पाहूं. हा गृहस्थ बुद्धिमान्, स्वकष्टानें वर आलेला, पत्नीवर प्रेम करणारा आणि विलक्षण मानी. न्यायाधीशाशीं खटका उडून त्याची सनद कांहीं काळ रद्द होते. सामान्य वकील अशा वेळीं मनांतल्या मनांत चरफडला असता. सुधाकरास तो अपमान क्षणभरही सोसवत नाहीं. तळीराम पेला पुढें करतो तो नेमक्या याच वेळीं. दारूला दार उघडून दिलें तें अभिमानानें, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

पुढें दारू त्याचें सर्व कांहीं हिरावून घेते : धंदा, पैसा, मित्र, लोकांतील पत. एक अभिमान मात्र ती घेत नाहीं. घरांत अन्नाची भ्रांत पडली असतां तो सिंधूस माहेरची मदत न घेण्याच्या शपथेनें बांधतो, आणि ती साध्वी लोकांचीं दळणें दळूं लागते. स्वतःचा मान राखण्याची किंमत त्यानें दुसऱ्याच्या हातांवरच्या फोडांनीं दिली!

मध्यंतरीं तो दारू सोडतोही. सबंध नाटकांत आम्हांस सर्वांत हृदयद्रावक वाटतो तो हाच भाग. शुद्धीवर आलेला सुधाकर नोकरीसाठीं दारोदार जातो, आणि प्रतिष्ठित मंडळी त्याला त्याच्या पूर्वचरित्राची आठवण देऊन हांकलून लावतात. समाजाचा निष्ठुरपणा येथें उघडा पडतो, यांत संशय नाहीं. तरीही प्रश्न उरतो. याच नाटकांतला भगीरथ हाही दारूच्या आहारीं गेलेला. तो सुधारतो, मग सुधाकर कां नाहीं? आमच्या मतें उत्तर असें : भगीरथास रामलाल लोकसेवेची वाट दाखवितो आणि तो स्वतःस विसरतो. सुधाकरानें दारू सोडली ती स्वतःची गेलेली पत परत मिळविण्यासाठीं. ती मिळत नाहीं असें दिसतांच त्याच्या निश्चयाचा आधारच तुटला, आणि तो पुन्हां प्याल्याकडे वळला. या वेळीं मात्र नकळत नव्हे, तर डोळे उघडे ठेवून.

अखेर त्याच्या हातून मूल दगावतें, सिंधू मृत्युशय्येवर पडते, आणि मरतां मरतांही ती पतीवर आळ येऊं देत नाहीं. मान राखावयास आतां त्याच्यापाशीं कांहींच उरलेलें नाहीं. सुधाकर खरोखर बदलतो तो येथें; पण बदललेल्या माणसास जगावयास जागा राहिलेली नसते. शेवटचा प्याला विषाचा असतो.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं दारू नसेल, आणि म्हणून हें नाटक आपल्यासाठीं नव्हे असा त्यांचा समज होण्याचा संभव आहे. परंतु अपमान गिळतां न येणें, मदत घेण्यांत कमीपणा मानणें, आपल्या मानाचें ओझें घरच्या बायकामुलांच्या डोक्यावर देणें, या गोष्टी कोणत्या सुशिक्षित घरांत नाहींत? आणि चुकलेला माणूस सुधारून आपल्या दारीं आला, तर आपण त्याला आंत घेतों कीं त्याची मागली चूक मोजून दाखवितों? सिंधूसाठीं अश्रू ढाळणें सोपें आहे. या दोन प्रश्नांचीं उत्तरें देणें तितकें सोपें नाहीं.