आट्यांचा अर्धवट तह

गाडीच्या कामात बोल्ट तिरका चढला आणि आटे मेले की दोष थेट मिस्तरीच्या हाताला लागतो: घाई केली, चार फेरे बोटांनी फिरवायच्या आधीच पाना लावला, वर जोर दिला. हा दोष पुष्कळदा खराही असतो. पण एकाच मापाचे वाटणारे दोन बोल्ट मुळात वेगवेगळ्या आट्यांचे का असतात, याचे उत्तर हातात नाही, इतिहासात आहे. ते शोधायला व्हर्जिनियातले अ‍ॅशबर्न सोयीचे ठिकाण आहे. आट्यांबाबतचे मोठे निर्णय जिथे झाले आणि जिथे टळले, ते वॉशिंग्टन इथून जेमतेम 50 किलोमीटरवर आहे. आणि इथल्या एकाच घरापुढे जपानी मोटार व जुना अमेरिकन पिकअप उभे असले, तर गॅरेजमध्ये मिलिमीटरचे आणि इंचाचे असे पान्यांचे दोन संच लागतात.

आट्यांचे पहिले सर्वमान्य प्रमाण इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये मांडले. त्यात आट्याचा कोन 55 अंशांचा होता आणि माथा गोलसर. 1864 मध्ये विल्यम सेलर्सने फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे 60 अंशांचा, सपाट माथ्याचा आटा मांडला. गोल माथ्याला खास हत्यारे लागतात, सपाट माथा साधा कारागीरही बिनचूक कापू शकतो, हे त्याचे म्हणणे. म्हणजे प्रमाण ठरवताना कारागिराच्या हाताचा विचार तेव्हाही होत होता. पण प्रमाण असणे आणि ते सर्वांनी पाळणे या दोन गोष्टी वेगळ्या. फेब्रुवारी 1904 मध्ये बाल्टिमोरला आग लागली, तेव्हा वॉशिंग्टनचे बंब रेल्वेने धावून आले, पण त्यांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. 1,500 हून अधिक इमारती जळाल्या. त्या दिवशी एकाही जवानाचा हात चुकला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात आटे न जुळण्याची हीच किंमत दोस्त राष्ट्रांनी मोजली. रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन अमेरिकेत बनवताना पॅकार्ड कंपनीला ब्रिटिश आटे पाडण्याची हत्यारे स्वतःच घडवावी लागली. अखेर 18 नोव्हेंबर 1948 रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी 60 अंशांच्या एका आट्यावर सह्या केल्या. तो तह मात्र इंचाचा होता, आणि युरोप व जपानच्या मोटारी मिलिमीटरच्या. 1975 च्या अमेरिकन कायद्याने मेट्रिककडे वळणे ऐच्छिक ठेवले. भारताने 1956 च्या कायद्याने ते बंधनकारक केले, तरी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातली फिएट मिलिमीटरची आणि महिंद्राची जीप इंचाची, असे दोन्ही बोल्ट एकाच मिस्तरीच्या डब्यात बरीच वर्षे पडून राहिले. यातला धोका जवळून पाहावा असा आहे. इंचाच्या मापातल्या अडीच सुती बोल्टचा व्यास 7.94 मिलिमीटर, मेट्रिकमधल्या एम-8 चा 8. नजरेला फरक कळत नाही. अडीच सुतीच्या माथ्यावर 13 चा पानासुद्धा बसतो. पण आट्यांमधले अंतर एकात 1.41 आणि दुसऱ्यात 1.25 मिलिमीटर. त्यामुळे अडीच सुती बोल्ट एम-8 च्या भोकात एक-दोन फेरे गोडीगुलाबीने जातो आणि मग अडतो. इथे जोर दिला की आटे गेलेच.

यावर कोणी म्हणेल, बोल्ट जाम होतो तो बहुतेक वेळा गंजाने, आणि व्हर्जिनियात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडते. खरे आहे. पण गंजलेला बोल्ट काढल्यावर भोकात टॅप फिरवून आटे साफ करायचे, तर ते कोणत्या प्रमाणाचे हे आधी कळावे लागते. टॅप चुकला तर गंजातून वाचलेले आटे त्यानेच मरतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळे जग मेट्रिक झाले की प्रश्न मिटेल. तोही पुरता टिकत नाही. टोयोटा आणि होंडाच्या अनेक मोटारींत चाकाचा नट एम-12, अंतर 1.5, निसान आणि सुबारूच्या अनेक मोटारींत तोच एम-12, पण अंतर 1.25. एकाच पद्धतीतही जाड आणि बारीक आटे राहणारच, कारण दोन्हींची गरज वेगळी आहे.

तेव्हा प्रमाण चूक संपवत नाही. चुकीच्या वाटा कमी करते, आणि जितके तह अपुरे तितका उरलेला भार हातावर येतो. बोल्ट भोकावर टेकवून आधी उलटा फिरवावा, आटा आट्यात पडल्याचा हलका ठोका लागला की मगच सुलटा, आणि पाना शेवटी, हा फिटरचा जुना शिरस्ता त्याच भाराची तजवीज आहे. हा शिरस्ता मोडणाऱ्याला दोष जरूर द्यावा. पण अडीच सुती बोल्ट एम-8 च्या भोकात गेला असेल, तर त्या दोषातला एक वाटा 1975 मध्ये मेट्रिक ऐच्छिक ठेवणाऱ्यांच्या नावावरही लिहायला हवा.