अकाली जन्मलेल्या बालकांतील डायबिटिस इन्सिपिडस

डायबिटिस इन्सिपिडस हा शरीरातील पाण्याचा समतोल राखणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाशी निगडित असा विरळ विकार आहे. हे संप्रेरक कमी पडल्यास किंवा मूत्रपिंडांनी त्याला प्रतिसाद न दिल्यास मूत्र पातळ व भरपूर होते आणि रक्तातील सोडियम वाढते. मधुमेहाशी या विकाराचा संबंध नाही. नामसाधर्म्यामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी २०२२ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘व्हॅसोप्रेसिन न्यूनता’ व ‘व्हॅसोप्रेसिन प्रतिरोध’ या अर्थाची नवी नावे सुचवली.

== निदानातील अडचणी ==
प्रौढ रुग्ण तहान लागताच पाणी पितो. इन्क्युबेटरमधील बालकाला किती पाणी द्यायचे हे मात्र इतरांनी ठरवलेले असते. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी, विशेषतः फार आधी, जन्मलेल्या बालकाची त्वचा पातळ असल्याने तिच्यातून पुष्कळ पाणी उडून जाते. पहिल्या काही दिवसांत सोडियम वाढण्याचे नेहमीचे कारण हेच असते. शिवाय प्रौढांची मूत्रपिंडे मूत्राची ऑस्मोलॅलिटी सुमारे १२०० मिलीऑस्मोल प्रति किलोग्रॅमपर्यंत नेऊ शकतात, तर या बालकांची साधारण ६००पर्यंतच. त्यामुळे काहीसे पातळ मूत्र हे येथे आजाराचे लक्षण ठरत नाही. रक्तशर्करा वाढणे, श्वास थांबू नये म्हणून दिलेले कॅफीन आणि मूत्रल औषधे यांमुळेही मूत्र वाढते.

== निदान ==
रक्त व मूत्र यांचे नमुने एकाच वेळी घेऊन पडताळणे हा निदानाचा पाया होय. त्वचेवाटे पाणी गेलेले असेल, तर मूत्र कमी व शक्य तितके दाट असते. याउलट सोडियम १४५ मिलिमोल प्रति लिटरच्या वर आणि रक्ताची ऑस्मोलॅलिटी ३००च्या वर असूनही मूत्राची ३००च्या खाली राहिली, तर संशय बळावतो. मूत्राचे प्रमाण डायपरचे वजन करून काढतात. १ ग्रॅम म्हणजे सुमारे १ मिलिलिटर.

प्रौढांत वापरली जाणारी पाणी तोडण्याची चाचणी या बालकांत धोकादायक असल्याने केली जात नाही. त्याऐवजी डेस्मोप्रेसिनची अल्प मात्रा देऊन पाहतात. मूत्र दाट झाल्यास दोष मेंदूकडील, न झाल्यास मूत्रपिंडाकडील समजतात. मात्र अपरिपक्व मूत्रपिंडांचा प्रतिसाद मुळातच तोकडा असतो, हे ध्यानात ठेवावे लागते. एमआरआयमध्ये पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागाचा तेजस्वी ठिपका शोधतात, परंतु नवजात बालकात पुढचा भागही तेजस्वी दिसत असल्याने हा पुरावा कमकुवत ठरतो.

कॉर्टिसोलची न्यूनता सोबत असल्यास विकार झाकला जातो आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरू केल्यावरच मूत्र एकाएकी वाढते.

== कारणे व उपचार ==
मेंदूतील रक्तस्राव, मेंदूज्वर, जन्मावेळी प्राणवायूचा अभाव आणि मेंदूच्या मध्यरेषेतील जन्मजात व्यंगे ही मेंदूकडील प्रकाराची कारणे होत. मूत्रपिंडाकडील आनुवंशिक प्रकार बहुधा एक्स गुणसूत्रावरील जनुकाच्या दोषामुळे, म्हणून मुख्यत्वे मुलग्यांत आढळतो.

उपचारात कमी क्षारांचा आहार, ज्यासाठी आईचे दूध उत्तम, थायझाइड औषधे आणि मेंदूकडील प्रकारात डेस्मोप्रेसिन यांचा उपयोग होतो. डेस्मोप्रेसिनची मात्रा किंचित जास्त झाली तरी सोडियम झपाट्याने उतरून झटके येऊ शकतात.