पात्याचें पोलाद



रानांत जाणाऱ्या माणसाच्या कमरेला एक पातें असावें, ही चाल फार जुनी आहे. पूर्वीं हा माणूस बहुधा शिकारी असे. मारलेल्या जनावराचें कातडें सोडविण्यास व मांस वेगळें करण्यास त्याला सुरी लागे. इ.स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील शिकारीचा शौक बंद पडला. आतां सह्याद्रींत हिंडणारा माणूस त्याच सुरीनें दोर कापतो, काटक्या तासतो आणि मुक्कामाला कांदा चिरतो. काम बदललें, परंतु दुकानांत उभें राहिल्यावर त्याला पडणारा प्रश्न शिकाऱ्याचाच आहे. पातें कोणत्या पोलादाचें घ्यावें? 'सर्वांत कठीण असेल त्याचें,' असें उत्तर बहुतेकांच्या जिभेवर तयार असतें. तें उत्तर बरोबर नाहीं, आणि कां बरोबर नाहीं याचा खुलासा पोलादाच्या इतिहासांत सांपडतो. त्याविषयीं आज आपल्याशीं बोलावयाचें आहे.

शुद्ध लोखंड मऊ असतें. त्यांत शेंकडा अर्ध्यापासून दीड भागापर्यंत कर्ब मिसळला कीं धार धरणारें पोलाद होतें. परंतु ही कठिणता पोलादाच्या अंगीं सुप्त असते. तें लाल तापवून एकदम थंड केल्याशिवाय ती प्रकट होत नाहीं. आमचा लोहार याला 'पाणी देणें' म्हणतो, आणि माणसाला 'पाणीदार' म्हणतांना आपण नकळत त्याच्याच ऐरणीजवळ जाऊन उभे राहतों. मात्र नुसतें पाणी दिलेलें पातें काचेसारखें ठिसूळ असतें, म्हणून तें पुन्हा बेतानें तापवावें लागतें. घासून उजळलेल्या पात्यावर त्या वेळीं प्रथम वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटीं निळा रंग चढत जातो. सुमारें २३० अंशांवर, पिवळ्या रंगापाशीं, लोहार थांबला तर धार पुष्कळ टिकते, पण आघातानें तिचे तुकडे उडण्याचें भय असतें. सुमारें ३०० अंशांवर, निळ्या रंगापाशीं, थांबला तर पातें लवतें, पण मोडत नाहीं. मात्र धार लवकर बोथट होते. कठीणपणा व चिवटपणा यांतील हा सौदा प्रत्येक लोहाराला करावा लागला आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत खड्गांना पाणी देण्याच्या ज्या कृति दिल्या आहेत, त्यांत केळीचा क्षार व ताक यांचेंहि मिश्रण आहे. त्या कृतींचें आज हसूं येईल. तथापि धार राहावी आणि पातें मोडूं नये, हीच त्यांच्यामागची तळमळ आहे.

आतां मुंबईची एक गोष्ट. इ.स. १७९४ च्या सुमारास मुंबईस हेलेनस स्कॉट नांवाचा एक स्कॉटिश डॉक्टर होता. त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे एतद्देशीय पोलादाचे कांहीं नमुने पाठविले. सोबतच्या पत्रांत त्यानें लिहिलें कीं, जेथें अतिशय कठीणपणा लागतो त्या सर्व कामीं येथील लोक हें पोलाद वापरतात: बंदुकीच्या चापांत गारगोटी जेथें आपटते तेथें, दगड कापण्यास, छिन्न्यांना, कानशींना. पण त्यानें दुसरीहि एक गोष्ट नमूद केली, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. हें पोलाद मंद लाल रंगापलीकडे तापविलेलें सोसत नाहीं, त्यामुळें तें घडविण्याचें काम फार वेळखाऊ आहे. जॉर्ज पीअर्सन यानें या नमुन्यांची परीक्षा करून १७९५ सालीं निबंध वाचला. त्याच्या मथळ्यांतच, हें पोलाद मुंबईस तयार होतें व तेथें त्यास 'वूट्झ' म्हणतात, असें म्हटलें आहे. वस्तुतः ज्या पोलादानें वूट्झ हें नांव गाजविलें, त्याच्या भट्ट्या म्हैसूर, तेलंगण, तामीळ मुलूख अशा दक्षिणेकडील भागांत होत्या. कानडींत पोलादास 'उक्कु' म्हणतात, आणि वूट्झ हा त्याचाच इंग्रजी कानानें केलेला अपभ्रंश असावा, असें बहुतेक विद्वान् मानतात.

तें करण्याची रीति साधी दिसे. घडीव लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशींत घालावयाचे, वर तरवडाच्या लाकडाच्या ढलप्या आणि रुईसारखीं हिरवीं पानें ठेवावयाचीं, मुशीचें तोंड मातीनें लिंपावयाचें, आणि अशा कित्येक मुशी भट्टींत रचून भाता मारीत राहावयाचें. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनीं बहरणारा जो तरवड, तोच हा. लाकडांतला कर्ब लोखंडांत शिरे, लोखंड वितळे, आणि सावकाश निवाल्यावर मुशींतून तळहातावर मावेल एवढी पोलादाची वडी निघे. तेलंगणांत आजच्या निजामाबाद जिल्ह्यांतील कोनसमुद्रम् या गांवीं तर इराणांतले व्यापारी स्वतः येऊन माल पारखून नेत. सतराव्या शतकांतला फ्रेंच प्रवासी तावेर्निए यानेंहि गोवळकोंड्याच्या पोलादाची महती सांगितली आहे. दमास्कस या शहराच्या नांवानें जगभर गाजलेल्या, पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या तलवारींना असेंच मुशींतलें पोलाद लागे, आणि त्यांतील पुष्कळसें आपल्या देशांतून जात असे.

ही नक्षी वरून काढलेली नसे. ती पोलादाच्या अंगचीच. या वडींत कर्ब शेंकडा सुमारें दीड भाग असे, म्हणजे लोखंडांत सहज मुरेल त्याहून अधिक. उरलेला कर्ब लोखंडाशीं मिळून अतिशय कठीण कण होतात. लोहारानें मंद आंचेवर पुनः पुन्हा तापवून, हलक्या हातानें ठोकून तें पातें लांबविलें, म्हणजे हे कण ओळींनीं मांडले जातात व पृष्ठावर लहरी दिसतात. जॉन व्हेरहोएव्हेन हा अमेरिकन धातुशास्त्रज्ञ व आल्फ्रेड पेंड्रे हा लोहार यांनीं मिळून ही नक्षी पुन्हा साधली, आणि या ओळी उठण्यास खनिजांतून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश कारण होतो, असें १९९८ सालीं दाखविलें. युरोपांतले लोहार पांढऱ्या आंचेवर काम करण्यास सरावलेले. त्यांच्या घणाखालीं आपली वडी भुगा होऊन पडे, आणि दोष पोलादाला मिळे!

आणखी एक गंमत पाहा. दक्षिणेचें पोलाद इराणांत जात असतां आमचे मराठे शिपाई कोणतें पातें पसंत करीत? 'फिरंग' या नांवांतच उत्तर आहे. युरोपांतून समुद्रमार्गानें आलेलें लांब, सरळ पातें देशी मुठींत बसविलेलें असे. त्यांत लहरींची नक्षी नव्हती. पण तें लवे, आणि कापण्याबरोबर खुपसण्यासहि चाले. ज्याला त्यावर जीव टांगावयाचा, तो शोभेपेक्षां हातांत मोडणार कीं नाहीं हें आधीं पाहतो. यांत स्वदेशीचा अपमान मला दिसत नाहीं.

इंग्लंडांतहि हीच तेढ होती. घड्याळें करणारा बेंजामिन हंट्समन याला स्प्रिंगांसाठीं निर्दोष पोलाद हवें होतें. त्यानें १७४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत शेफील्डजवळ मुशींत पोलाद वितळविण्याची आपली रीति बसविली. पण शेफील्डच्या चाकू करणाऱ्यांनीं तें फार कठीण म्हणून नाकारलें. तें फ्रान्सला गेलें, तिकडचे चाकू इंग्लंडांत येऊन खपूं लागले, तेव्हां कोठें शेफील्डकरांचे डोळे उघडले.

वूट्झचें कोडें सोडविण्यास पुढें मायकेल फॅरडे सरसावला. विजेचे शोध लावणारा तो हाच. हा मूळचा लोहाराचा मुलगा. जेम्स स्टोडार्ट या शस्त्रें करणाऱ्या कारागिराबरोबर त्यानें पोलादांत रुपें, प्लॅटिनम, ऱ्होडियम, पुढें क्रोमियमहि मिसळून पाहिलें, व १८२० आणि १८२२ सालीं निबंध लिहिले. वूट्झचा गुण अ‍ॅल्युमिनियममुळें येतो हा त्याचा तर्क मात्र चुकला. पॅरिसच्या टांकसाळींतील ब्रेआं यानें त्याच सुमारास शेंकडों प्रयोग करून खरें कारण कर्बाचें आधिक्य आहे, हें ओळखलें. आणि १८२१ सालीं पिएर बेर्तिए यानें क्रोमियम मिसळलेलें लोखंड आम्लास दाद देत नाहीं हें पाहून चाकूंसाठीं तें सुचविलें. सूचना उत्तम होती. पण कर्ब फार राहून धातु ठिसूळ होई. दक्षिणेंतल्या भट्ट्या मात्र या संशोधनाचा लाभ न घेतांच विझल्या. स्वस्त विलायती पोलाद आणि कोळशाची टंचाई यांपुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचा टिकाव लागला नाहीं.

बेर्तिएची सूचना फळास येण्यास ९२ वर्षें लागलीं. शेफील्डचा हॅरी ब्रिअर्ली १९१३ सालीं बंदुकीच्या नळ्या आंतून कां झिजतात याचा शोध घेत होता. शेंकडा सुमारें १३ भाग क्रोमियम आणि पाव भाग कर्ब असलेल्या पोलादावर आम्लाचा परिणाम होत नाहीं, हें त्याच्या ध्यानीं आलें. क्रोमियममुळें पृष्ठावर डोळ्यांना न दिसणारा एक थर धरतो व गंज आंत शिरत नाहीं. पण कमी कर्बाच्या या पोलादाला पाणी देण्यास सुमारें हजार अंशांची आंच लागते. जुन्या कारागिरांनीं जुन्याच आंचेवर पातीं केलीं तीं कापीनात, आणि ब्रिअर्लीला 'न कापणाऱ्या चाकूचा जनक' म्हणून थट्टा सोसावी लागली. गंजापासून सुटका झाली खरी, पण धारेंत तूट आली. ती भरून काढण्यास कर्ब वाढवावा, तर कर्ब क्रोमियमला आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून क्रोमियमहि वाढवावें लागतें. मग जाड कणांमुळें पातें ठिसूळ होतें. एक कर्बभाग व १७ भाग क्रोमियम असलेलें '४४० सी' हें प्रसिद्ध पोलाद या ओढाताणींतून निघालें.

अमेरिकेंत १९७० च्या सुमारास यावर एक युक्ति निघाली. वितळलेलें पोलाद वायूच्या झोतानें फवारून त्याचे बारीक थेंब करतात. ते तत्क्षणीं गोठतात, आणि ती भुकटी तापवून दाबून एकजीव केली म्हणजे कठीण कण बारीक व सारखे पसरतात. कोनसमुद्रम्‌ची वडी ज्यासाठीं पुनः पुन्हा तापवून ठोकावी लागे, तें येथें घणावांचून साधतें. २००१ सालचें 'एस ३० व्ही' हें खास सुऱ्यांसाठीं बेतलेलें पोलाद याच जातीचें. त्यांत दीड भागाच्या आसपास कर्ब, १४ भाग क्रोमियम आणि चार भाग व्हॅनेडियम असतें. जुन्या वडींत जें चिमूटभरहि नसे, तेंच हें व्हॅनेडियम.

माझा एक जुना विद्यार्थी अशीच सुरी घेऊन माझ्याकडे आला. "गुरुजी, हिला धारच लागत नाहीं," तो म्हणाला. महिनोन् महिने तिनें उत्तम काम दिलें होतें. पुढें एकदां त्यानें तिच्यावर दगड मारून सरपण फोडलें, तेव्हां धारेचे दोन टवके उडाले. मीं माझा निसणा काढला. अर्धा तास घासलें; निसणाच गुळगुळीत झाला. व्हॅनेडियमचे कण आपल्या दगडाहून कठीण असतात. त्यांना हिऱ्याची पूड बसविलेली पट्टी पाहिजे, आणि ती दोघांजवळहि नव्हती. त्या सुरीला मी वाईट म्हणणार नाहीं. जनावर सोलणाऱ्या, एकसारखें पातळ कापीत राहणाऱ्या हाताला ती रत्न आहे. ती सरपण फोडण्याकरितां केलेली नव्हती, एवढेंच.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं आपण पात्यावर कसला अत्याचार करणार आहों, हें स्वतःशीं कबूल करावें. फांद्या तोडावयाच्या असतील तर अर्धा-पाऊण भाग कर्बाचें साधें पोलाद घ्यावें. ट्रकच्या कमानीचा पाटा तापवून आमचे लोहार कोयते करतात, ते याच जातीचे. लोहाराला पोलादाचें नांव विचारलें तर येणार नाहीं. पण थांबावयाचा रंग त्याला ठाऊक असतो, आणि नामांकित पोलादाला चुकीचें पाणी दिलेल्या पात्यापेक्षां मी त्याचा कोयता घेईन. कोंकणांत, मासे कापण्यास, खारट हवेंत ज्याला राहावयाचें, त्यानें धारेंत थोडी तूट सोसूनहि न गंजणारें घ्यावें. शिवाय आपल्या घरच्या दगडावर त्याला धार लागेल कीं नाहीं, हें अवश्य विचारावें.

माझ्या विद्यार्थ्यानें दुसरी सुरी लोहाराकडून पाट्याची करून घेतली. परवां भर पावसांत तो राजमाचीहून आला, तेव्हां तिच्यावर गंजाचे दोन मोठे डाग होते. मीं फडताळांतून खोबरेल काढून त्याच्या हातांत दिलें.