पट्टीत काय लिहिलंय?

सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झालं. रेडिओपुढे आंधळा आणि डोळस दोघेही सारखेच. नभोनाट्यात दार उघडलं तर ते कुरकुरायचं, कोणी आत आलं तर त्याला नावाने हाक मारली जायची. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकताना चेंडू कुठे गेला हे कोणाला विचारावं लागत नसे.

टीव्ही आला आणि ही बरोबरी गेली. (मुंबई दूरदर्शन १९७२ चं, आमच्या सातारा-सांगलीकडे घरोघरी संच दिसू लागले ते ऐंशीच्या दशकात.) १९८८ ते ९० दर रविवारी 'महाभारत' लागायचं. त्यातल्या धृतराष्ट्राला संजय होता, पण ते ऐकत बसलेल्या अंध माणसाला नव्हता! नुसतं संगीत वाजे, मग घरातलंच कोणी सांगे की भीष्म बाणांवर पडलेत.

बोस्टनच्या एका सार्वजनिक वाहिनीने १९९० पासून संवादांच्या मधल्या जागेत दृश्य थोडक्यात सांगणारा वेगळा आवाज द्यायला सुरुवात केली. त्याला ध्वनिवर्णन म्हणूया. ब्रिटनने १९९६ च्या कायद्यात ते घातलं. आपल्याकडे दूरदर्शनने १९८७ मध्ये कर्णबधिरांसाठी बातम्या सुरू केल्या. अंधांना आवाज येतोच की, मग आणखी काय हवं, असं बहुधा धरलं गेलं असावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२व्या कलमात मात्र ध्वनिवर्णन स्पष्ट आहे.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर. काचबिंदूने दृष्टी गेलेल्या आमच्या वहिनी सांगलीत, वीज होती तोवर टीव्हीला कान लावून. निवेदिका म्हणे, "मदतीसाठी पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर संपर्क साधा." पाणी शिरलेल्या भागांची नावं खालच्या पट्टीत मुकाट सरकत होती. वहिनींचा मला साताऱ्याला फोन, "भाऊजी, पट्टीत आमचा भाग आलाय का हो?" मी वाचत गेलो, त्या ऐकत गेल्या.

त्यानंतर महिनाभराने, ११ सप्टेंबर २०१९ ला, केंद्र सरकारने टीव्ही कार्यक्रमांसाठी सुलभतेचे नियम काढले. ते कर्णबधिरांसाठी होते. चांगलंच झालं, हवेच होते. मार्च २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ध्वनिवर्णन आलं, पण त्या चित्रपटगृहांसाठी. वहिनी ऐंशीच्या पुढे आहेत, त्या कुठल्या थिएटरात जाणार?

ध्वनिवर्णनाला पैसा लागतो, कबूल. पण पट्टीतला क्रमांक तोंडाने दोनदा वाचायला काय लागतं? असो. पावसाळ्यात कोयनेचं पाणी सोडलं की अजूनही वहिनींचा फोन येतो आणि मी चष्मा शोधू लागतो.