अडत अडत चढलेला बोरघाट

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीचे कौतुक आपण शाळेपासून वाचत आलो. पण ठाण्यापर्यंतचा रस्ता बहुतांशी सपाट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेला खरा रस होता तो देशावरचा कापूस मुंबई बंदरात उतरवण्यात, आणि मध्ये सह्याद्री आडवा होता. कंपनीच्या सुरुवातीच्या योजनांत माळशेज घाटाचे नाव होते. पाहणीनंतर ते मागे पडले आणि मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी थळघाट व बोरघाट हे दोन मार्ग पुढे आणले.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, बोरघाटात, शिंग्रोबाचे देऊळ आहे. वाट सापडेना तेव्हा शिंग्रोबा धनगराने ती साहेबांना दाखवली, बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि गोळी खाल्ली, अशी त्याची दंतकथा. गाडीवाले आजही तिथे नाणे टाकतात. कथेत वाट चुटकीसरशी सापडते. प्रत्यक्षात मोजणीदारांचे कित्येक मोसम त्यात गेले. सुमारे 16 मैलांत 1,800 फुटांहून अधिक चढायचे होते. काही ठिकाणी 37 फुटांना एक फूट असा चढ घ्यावा लागला, आणि तरीही एका जागी डोंगराने वळण घेऊच दिले नाही. मग तिथे रिव्हर्सिंग स्टेशन आले: गाडी सपाटीवर थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढची चढण धरायची. इथे डोंगरापुढे नमते घेतले हे कुणी लपवले नाही, आराखड्यातच ते रेखाटले.

काम 1856 मध्ये सुरू झाले. कंत्राट विल्यम फॅव्हिएलला मिळाले. मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्यांपैकीच तो, म्हणजे नवशिका नव्हे. मात्र सपाटीवरची कंत्राटदारी इथे पुरेना. काळा कातळ पहारीने भोके पाडून, दारू ठासून फोडावा लागे. उभ्या कड्यावर माणसे दोराला लोंबकळून सुरुंगाची भोके पाडत. पावसाळ्यात काम जवळपास ठप्प. त्यातून पोटकंत्राटदारांनी मजुरी थकवली. जानेवारी 1859 मध्ये मजुरांचा संयम सुटला, मारामारी झाली आणि तीत एक युरोपियन मेला. सरकारला चौकशी नेमावी लागली. त्या वर्षी मार्चमध्ये फॅव्हिएलने कंत्राट सोडले आणि काही काळ कंपनीने स्वतःच काम चालवले.

मग आला सॉलोमन ट्रेडवेल. इंग्लंडहून तो बायकोसह उतरला आणि काही आठवड्यांतच, सप्टेंबर 1859 अखेर, आजारपणात गेला. त्याची विधवा अ‍ॅलिस परतीचे जहाज पकडेल असेच कुणालाही वाटले असते. तिने कंत्राट स्वतःकडे ठेवले. आपण स्थापत्याचे शिक्षण घेतलेले नाही हे तिला पुरते ठाऊक असणार. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोघा जाणकारांवर तिने कामाची व्यवस्था सोपवली. बांधकामाची तिच्या नावावर असलेली छायाचित्रेही आज पाहायला मिळतात: अर्धवट कमानी, परांच्या, खाली पसरलेली दरी.

1861 च्या सुमारास घाटात 40,000 हून अधिक माणसे राबत होती. त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत. पटकी आणि तापाने त्यांच्यातली किती गेली याचे आकडे शोधणारे इतिहासकारही चाचपडतात. फॅव्हिएलला हे काम झेपणार नाही म्हणून बाजूला होता आले. मजुरी अडकलेल्या माणसाला तशी सोय नव्हती. कंपनीला तर सोयच सोय: तिच्या भागधारकांना सरकारने 5 टक्के व्याजाची हमी दिली होती. घाटात काही बिघडले, खर्च वाढला, तरी भागधारकाचे व्याज बुडणार नव्हते; कमी पडेल ती रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून जायची. या जिद्दीच्या गोष्टीत पैसा कुणाचा होता हेही सांगायला हवे.

एप्रिल 1863 मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. एकूण 25 बोगदे. बर्कली तो दिवस पाहायला नव्हते; आदल्या वर्षीच इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले होते. मार्ग खुला होईपर्यंत खोपोली आणि खंडाळ्याच्या दरम्यान प्रवासी पालखीतून, तट्टावरून, गाडीतून घाट चढत. तो हेलपाटा संपला.

चार वर्षेच झाली. जुलै 1867 च्या पावसात महूकी मल्ली नावाचा आठ कमानींचा उंच पूल कोसळला. खरी कसोटी इथे होती, कारण सगळे खापर पावसावर फोडून मोकळे होणे सोपे होते. तपासणीत मात्र दगडबांधणीच कच्ची निघाली, आणि या एकाच पुलाची नव्हे. जीआयपीच्या इतर अनेक पुलांत तेच दुखणे सापडले. मोठ्या समारंभाने लोकांच्या हवाली केलेल्या मार्गावरची कामे नव्याने करायची, याचा अर्थ पहिले काम चुकले हे कागदोपत्री कबूल करायचे. कंपनीने पूल पुन्हा बांधले. अर्थात तो खर्चही हमीच्या हिशेबातच गेला.

रिव्हर्सिंग स्टेशन 1929 पर्यंत चालले. विजेची गाडी येऊ घातली तेव्हा नवे बोगदे खोदून मार्ग वळवला, तेव्हा कुठे गाडीचे तोंड फिरवण्याची गरज उरली नाही. चढ मात्र तेवढाच राहिला, म्हणून जड गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने लागू लागली, आणि ती लागेपर्यंत फलाटावर वडा घ्यायची सवय प्रवाशांना जडली. डोंगर अजूनही अधूनमधून दरडी ढकलतो. 2019 च्या पावसाने मंकी हिलच्या परिसरात मार्गाचे इतके नुकसान केले की मुंबई-पुणे दरम्यानच्या अनेक गाड्या कित्येक आठवडे रद्द ठेवाव्या लागल्या.