टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? किलोमीटर, वर्षं आणि मुळशीचे रस्ते

टायर घासला की दिसतो. ब्रेक पॅड झिजले की आवाज येतो. टायमिंग बेल्टचं तसं नाही. तो इंजिनाच्या एका बाजूला झाकणाच्या आत असतो आणि बहुतेक वेळा काहीही न कळवता तुटतो. त्यामुळे "खराब झाला की बदलू" हा नियम इथे चालत नाही. तो चांगला चालत असतानाच, वेळ ठरवून बदलावा लागतो.

ही वेळ कशी ठरवायची ते या लेखात बघू. उदाहरणासाठी पुणे जिल्ह्यातला मुळशी तालुका घेतलाय. कारण हिंजवडीचं ट्रॅफिक आणि ताम्हिणी घाट, दोन्ही याच भागात आहेत.

टायमिंग बेल्ट काय करतो?

इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि त्यामुळे खालचा क्रँकशाफ्ट फिरतो. वर कॅमशाफ्ट असतो, तो वॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायलाच हवा. हा मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. रबराच्या आत काचतंतूसारखे मजबूत धागे असतात.

बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा वॉल्व्ह एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. बेल्ट तुटला किंवा त्याचे दात घसरले की पिस्टन वॉल्व्हवर आदळतो. वॉल्व्ह वाकतात, हेड उघडावं लागतं आणि कधी कधी पिस्टनलाही मार बसतो. हा खर्च बेल्ट बदलण्याच्या कितीतरी पट असतो. काही इंजिनांत एवढी मोकळी जागा असते की गाडी फक्त बंद पडते. पण तुमचं इंजिन त्यातलं आहे असं गृहीत धरू नका.

आधी बघा, बेल्ट आहे की चेन?

सगळ्याच गाड्यांत बेल्ट नसतो. अनेक इंजिनांत लोखंडी चेन असते आणि तिला ठरावीक वेळी बदलायचा नियम सहसा नसतो.

- बेल्ट असलेली इंजिनं: जुनी मारुती ८०० आणि ओम्नी, जुनी ह्युंदाई सँट्रो, टाटा इंडिका डिझेल, इनोव्हा २.५ डिझेल, डस्टर १.५ डिझेल, फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय.
- चेन असलेली इंजिनं: मारुतीची के-सिरीज पेट्रोल, तसंच स्विफ्ट, डिझायरसारख्या गाड्यांत आलेलं १.३ लिटर फियाट मल्टिजेट डिझेल.
- तेलात फिरणारा बेल्ट: इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टमध्ये असा होता. यात चुकीच्या ग्रेडचं ऑइल घातलं तर बेल्टचं रबर खराब होतं आणि त्याचा चुरा ऑइलची जाळी तुंबवतो.

एकाच मॉडेलमध्ये पेट्रोलला चेन आणि डिझेलला बेल्ट असू शकतो. त्यामुळे गाडीच्या नावावर जाऊ नका. इंजिन कोणतं ते बघा आणि मॅन्युअलमधलं मेंटेनन्सचं पान उघडा.

किलोमीटर बघायचे की वर्षं?

दोन्ही. जे आधी भरेल ते धरायचं. बऱ्याच गाड्यांसाठी साधारण ६० हजार ते १ लाख किमीच्या आसपासचा आकडा दिलेला असतो आणि त्यासोबत वर्षांची मर्यादा असते. तुमच्यासाठी खरा आकडा मात्र तुमच्या मॅन्युअलमधलाच.

वर्षांची अट का? कारण गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतं. इंजिनाची उष्णता आणि हवेचा परिणाम यांनी ते कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. ८ वर्षांत फक्त ४८ हजार किमी चाललेली गाडी "कमी चाललेली" म्हणून विकली जाते, पण तिचा मूळ बेल्ट वयाने संपलेला असू शकतो.

इनोव्हाच्या २.५ डिझेलमध्ये डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो. तो बेल्ट तपासून लागत नाही, ठरलेले किलोमीटर भरले की लागतो. म्हणजे दिवा लागला नाही याचा अर्थ बेल्ट ठणठणीत आहे असा होत नाही.

मुळशीत हिशोब थोडा आधी का धरावा?

एक साधं गणित करू. १०,००० किमी ताशी ५० च्या सरासरीने चालवले तर इंजिन २०० तास चालतं. तेच किमी हिंजवडीच्या गर्दीत ताशी १५ च्या सरासरीने झाले तर ६६७ तास लागतात. गर्दीत इंजिनाचे फेरे कमी असतात हे खरं. पण गाडी सिग्नलला उभी असतानाही बेल्ट फिरतच असतो आणि गरम होतच असतो. ओडोमीटरला हे कळत नाही.

दुसरी बाजू घाटाची. पौडहून मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी उतरून माणगावकडे जाणारा रस्ता वळणांचा आणि उताराचा आहे. पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस आणि दाट धुकं असतं, मोबाइलची रेंजही सगळीकडे मिळत नाही. अशा ठिकाणी इंजिन बंद पडलं तर ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच ताकद उरते, मग पेडल दगडासारखं होतं. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगही जड होतं. इथे प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही.

म्हणून रोज ट्रॅफिक किंवा घाट असेल तर शेवटच्या किलोमीटरपर्यंत थांबू नका. मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळा, कमी आकडा दिला असेल तर तोच धरा. मुदत पावसाळ्यात संपणार असेल तर काम मे महिन्यातच उरका.

सेकंड हँड गाडी घेताना

"बेल्ट बदललाय" हे तोंडी वाक्य म्हणजे पुरावा नाही. तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं बिल मागा. काही गॅरेजवाले बेल्टच्या कव्हरवर स्टिकर लावतात, तेही बघा. गाडी नेमकी किती जुनी आहे ते एमपरिवहन ॲपमधल्या नोंदणीच्या तारखेवरून कळतं. मुदत उलटलीय आणि बिल नाही, तर बेल्ट बदललेला नाही असंच समजा. तो खर्च गाडीच्या किमतीत धरूनच भाव करा.

मोबाइल आणि ओबीडी स्कॅनरने कळतं का?

नाही. ब्लूटूथवर चालणारा स्कॅनर बेल्ट किती झिजलाय ते मोजू शकत नाही. क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडला तर पी००१६ सारखा कोड येऊ शकतो, पण तेव्हा उशीर झालेला असतो. मोबाइलचा खरा उपयोग नोंदीसाठी आहे. बिलाचा आणि ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा. कॅलेंडरमध्ये मुदतीच्या २ महिने आधीचं रिमाइंडर लावा.

एक गैरसमजही दूर करू. सकाळी गाडी चालू करताना येणारा "चीं" आवाज बहुतेक वेळा अल्टरनेटर किंवा एसी फिरवणाऱ्या बाहेरच्या बेल्टचा असतो. तो बदलला म्हणजे टायमिंग बेल्ट बदलला असं होत नाही.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

- फक्त बेल्ट नको, पूर्ण किट टाका: बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर पुली. जुन्या टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही तुटतो.
- वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही आताच बदलायचा का ते विचारा. नंतर तो गळला तर सगळं परत उघडावं लागतं आणि मजुरी दुसऱ्यांदा लागते.
- ऑइल सील गळतंय का ते बघायला सांगा. ऑइल किंवा कूलंट लागलेला बेल्ट मुदतीआधीच खराब होतो.
- जुने पार्ट परत मागा आणि बिलावर किलोमीटर लिहून घ्या.

चालत्या गाडीत बेल्ट तुटलाच तर?

हॅझर्ड लाइट लावा आणि गाडी कडेला घ्या. ब्रेक पुन्हा पुन्हा सोडू नका, एकदाच दाबून धरा. थांबल्यावर हँडब्रेक ओढा. चावी बंद करू नका, स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. गाडी पूर्ण थांबल्यावरच ती काढा. त्यानंतर स्टार्टर मारत बसू नका. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, मोकळा फिरतोय असं वाटलं तर शंका बेल्टवरच घ्या. प्रत्येक प्रयत्नात वाचलेले वॉल्व्हही वाकू शकतात. धक्का मारून चालू करणंही टाळा आणि टोइंग बोलवा.

थोडक्यात: इंजिनात बेल्ट आहे का ते बघा, मॅन्युअलमधले किलोमीटर आणि वर्षं यांतलं जे आधी भरेल ते धरा आणि नोंद नसेल तर मुदत संपली असंच समजा. पुढच्या वेळी ताम्हिणीला निघण्याआधी एकदा सर्व्हिसची फाइल उघडून बघा.